‘जिणं आमुचं’ आणि थेअरीवाले

पुण्या-मुंबईच्या सेमिनारांत स्त्रीवाद आणि वसाहतोत्तर साहित्य हे शब्द जोडीनं फिरतात. शिरूर-दौंडच्या आपल्या पोरापोरींनी त्यांना बिचकू नये, हसण्यावारीही नेऊ नये. तपासावेत.

वसाहतोत्तर सिद्धांत सांगतो, साहेबानं बंदुकीइतकंच भाषेनं आणि पुस्तकांनी राज्य केलं. कबूल. पण हे माप शिरूर तालुक्यातल्या कोरेगावला लावून बघा. १ जानेवारी १८१८ ला तिथं लढाई झाली. नदीच्या अलीकडं पेरण्याच्या हद्दीत कंपनीनं स्तंभ उभारला, आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्याच्यापुढं उभे राहिले. साहेब विरुद्ध नेटिव्ह एवढाच हिशेब धरला तर आपला पणजा फितूर ठरतो! पेशवाई आणि महारवाडा एकाच नेटिव्हच्या पोटात घातल्यावर दुसरं काय होणार?

स्तंभावर नावं शिपायांची. बाया कुठंयत, हे विचारायला स्त्रीवाद लागतो. पण आपल्याकडच्या स्त्रीवादानं ‘आम्ही बायका’ म्हणताना बराच काळ वरच्या आळीतल्याच बायका मोजल्या. दलित स्त्रिया वेगळं बोलतात, हे गोपाळ गुरूंनी १९९५ साली मांडलं. १९९८ ला शर्मिला रेगे म्हणाल्या की नुसतं वेगळेपण मान्य करून भागणार नाही, सगळ्याच स्त्रीवाद्यांनी दलित बाईच्या जागेवरून विचार करायला शिकावं.

आता बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घ्या. बेबीताई वीरगावच्या, म्हणजे दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातल्या. फलटणला दुकान चालवता चालवता नवऱ्यापासून लपवून लिहीत राहिल्या. १९८२ त ते ‘स्त्री’ मासिकात आलं, १९८६ ला पुस्तक झालं. तळातल्याला बोलता येतं का, हा गायत्री स्पिवाक यांचा गाजलेला निबंध १९८८ चा. तोवर बेबीताई बोलून मोकळ्या झालेल्या. (स्पिवाकबाईंचा रोख ऐकणाऱ्यांच्या बहिरेपणावर आहे, हे सेमिनारवाले सोयीनं विसरतात.)

या पुस्तकात ‘मी’ थोडी, ‘आम्ही’ फार. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बेबीताई बोलल्या त्या माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत, जी इंग्रजी भाषांतराला (२००८) जोडलीय. मग पुस्तकात तो ‘मी’ नाही म्हणून लेखन कच्चं? मला नाही पटत. त्यांच्या ‘आम्ही’त सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडाही आहे. गावानं महारवाडा बांधून ठेवला, महारवाड्यानं सून. दोन्ही त्यांनी सांगितलं, कुणाची भीड न ठेवता.

इंग्रजीत नाव झालं ‘द प्रिझन्स वी ब्रोक’. ‘जिणं’ गेलं, तुरुंग फोडल्याची आरोळी आली. खपायला बरं असेल. पण बेबीताई तर शिकल्यासवरलेल्यांनी समाजाकडं पाठ फिरवली म्हणून शेवटाला चिडलेल्या आहेत.

आणि आपण? सभेत गावकीचा जुलूम तेवढा वाचतो, खोड्याची पानं उलटून टाकतो. दोस्तहो, थेअरीवाले अर्धंच वाचतात ही तक्रार कुठल्या तोंडानं करायची? दौंडच्या पुढच्या अभ्यासवर्गाला हे पुस्तक घ्या, खोड्यापासून सुरू करा. वाचणार बाया, ऐकणार आपण. सोबत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ ठेवा. कुठल्याही स्तंभावर नसलेली नावं त्यात सापडतील.