क्विंटल आणि किलो

पत्र हा वाङ्मयप्रकार आहे की नाही, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण एका पत्राचा विचार त्यात झालेला माझ्या वाचनात नाही. जिल्ह्याच्या गावचा वार्ताहर मुंबई-दिल्लीच्या संपादकाला लिहितो, 'अमुक विषयावर लिहू इच्छितो, आपण छापाल का?' ते हे पत्र. वृत्तपत्राच्या कचेरीत त्याला हल्ली 'पिच' म्हणतात. मी त्याला प्रस्ताव म्हणेन. हा दीडदोनशे शब्दांचा मजकूर कधी छापला जात नाही, म्हणून समीक्षकाच्या नजरेतून तो सुटतो. पण देशाने कशाची दखल घ्यायची आणि कशाची नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरून जाते.

अर्थव्यवहाराला वाहिलेल्या राष्ट्रीय दैनिकांच्या बाबतीत तर हे विशेष खरे. 'इकॉनॉमिक टाइम्स' आणि 'फायनान्शियल एक्स्प्रेस' ही दोन्ही पत्रे १९६१ साली मुंबईत निघाली, 'बिझनेस स्टँडर्ड' १९७५ साली कलकत्त्यात. यांचा वाचक भांडवल गुंतवणारा, माल घेणारा-विकणारा, धोरण आखणारा. त्याच्या वतीने संपादक प्रस्तावाला दोन प्रश्न विचारतो: आजच का? आणि माझ्या वाचकाला याचे काय? हे प्रश्न मला मुळीच अरसिक वाटत नाहीत. ज्याला त्यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याला बहुधा आपला विषयच पुरता उमगलेला नसतो. पण नाशिकहून निघालेला विषय या दोन प्रश्नांच्या चाळणीतून जाताना कोणते रूप घेतो, हे मात्र पाहायला हवे.

कांद्याचेच घ्या. लासलगावच्या बाजार समितीत भाव निघतो तो क्विंटलला. किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे आम्ही नाशिककर वाचत आलो. महानगराच्या पत्रात तोच कांदा किलोवर येतो. हा केवळ शंभराने भागण्याचा प्रश्न नव्हे. क्विंटल ही विकणाऱ्याची भाषा आहे, किलो ही घेणाऱ्याची. आणि माप बदलले की कथेचा नायक बदलतो. किलोचा भाव चढला तर ती देशाची महागाई होते. क्विंटलचा पडला तर ते एका जिल्ह्याचे गाऱ्हाणे ठरते. मग प्रस्ताव लिहिणारा बिचारा आरंभीच 'आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ' हे बिरुद लावून उभा राहतो. नाटकातल्या नांदीसारखे ते म्हटले जाते आणि नांदीइतकेच ऐकले जाते.

'आजच का?' या प्रश्नाचे सर्वांत चोख उत्तर माझ्या मते कोणा पत्रकाराने दिलेले नाही. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. ती रक्कम त्याने मनिऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठवली आणि देशभरच्या पत्रांनी त्याची बातमी केली. भाव पडलेला होताच. तेवढ्याने बातमी होत नव्हती. भावाला घटनेचे रूप द्यावे लागते, हे त्या गृहस्थाने ओळखले. मी त्याचे कौतुक करतो. पण मनात एक बोच राहते. आपले साधे हिशेब वाचले जावेत म्हणून माणसाला दर वेळी असे नाट्य उभे करावे लागणार असेल, तर दोष त्या माणसाचा नव्हे, वाचनाच्या सवयीचा आहे.

घटना पुरवण्याचे दुसरे काम सरकार करते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये टनाला किमान ५५० डॉलरच्या अटीसह बंदी मागे, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क रद्द. या प्रत्येक तारखेला कांदा अर्थविषयक पत्रांत हमखास आला. दोन तारखांच्या मधले महिने मात्र कोरे राहतात. आणि कांद्याचा खरा व्यापार त्या महिन्यांत चालतो. उन्हाळ कांदा निघाला की चाळीत भरतात. पुढे महिन्यामागून महिने तो वजनात घटतो, सडतो, कोंब धरतो, आणि शेतकरी भावाची वाट पाहत बसतो. व्यापाराच्या परिभाषेत हा मालाचा साठा आहे. त्यात अडकलेले भांडवल आहे, घट आहे, आणि एका अधिसूचनेने सारे उलटण्याची जोखीम आहे. पोलादाच्या किंवा कापडाच्या गिरणीबद्दल असे असते तर संपादकाने तो मजकूर आपण होऊन मागवला असता.

म्हणून माझी तक्रार संपादकाइतकीच आमच्या प्रस्तावलेखकांशीही आहे. अर्थविषयक पत्राला लिहिताना ते 'बळीराजा हवालदिल' असा सूर लावतात. करुणरस हा काही हलका रस नव्हे. पण ज्या पानावर कंपन्यांचे ताळेबंद छापले जातात, तिथे तो दयेची याचना वाटू लागतो, आणि दयेला ते पान पाच ओळींहून अधिक जागा देत नाही. १९८० साली शरद जोशींनी नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी आंदोलन उभे केले, तेव्हा त्यांनी उत्पादनखर्चाचा हिशेब पुढे ठेवला. शेतकरी हा कीव करण्याचा विषय नसून व्यवहार करणारा माणूस आहे, ही त्यांची भूमिका होती. साहित्यदृष्ट्याही ती मला मोलाची वाटते, कारण तिने नायकाला त्याची भाषा परत दिली.

चांगला प्रस्ताव तोच करील. तो चाळीतल्या कांद्याची जोखीम कोण उचलतो, एवढेच विचारील. त्याचे उत्तर देताना 'आजच का?' याला तो सांगू शकेल की, कांदा आजही घटतो आहे. आणि 'माझ्या वाचकाला याचे काय?' याला सांगेल की, तुमचा वाचक उद्या ज्या भावाने दचकणार आहे, तो भाव आज इथे ठरतो आहे. पत्रात मात्र आकडा क्विंटलचाच राहू द्यावा. भागाकार संपादकाने करावा. तेवढे गणित त्याला येते.