ब्लेड रनर (१९९७): पुनर्प्रकाशित व्हिडिओ गेम आणि आवृत्तीचा प्रश्न

साहित्याच्या वर्गात पहिल्याच तासाला एक प्रश्न विचारला जातो: तुमच्या हातात कोणती आवृत्ती आहे? संपादक कोण, पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला, आधीच्या आवृत्तीत आणि हिच्यात काय फरक आहे, हे कळल्याशिवाय अभ्यास सुरू होत नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जुना गेम नव्या रूपात बाजारात आला, की 'ग्राफिक्स सुधारले का?' एवढ्याच मुद्द्याभोवती परीक्षणे फिरत राहतात. प्रस्तुत पाठात एका विज्ञानकथेवर आधारलेल्या गेमचे उदाहरण घेऊन या दुर्लक्षित प्रश्नाचा विचार करू. उदाहरण आहे 'ब्लेड रनर' या गेमचे. हा गेम १९९७ साली आला, मधली काही वर्षे विक्रीतून पूर्ण नाहीसा झाला आणि पुढे अडीच वर्षांच्या अंतराने दोनदा पुनर्प्रकाशित झाला. पहिले पुनर्प्रकाशन पडद्यावर जुनेच दिसत होते, दुसरे नवे दिसत होते. माझ्या मते पहिले चांगले होते, आणि त्याचे कारण ग्राफिक्सपेक्षा वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते.

मूळ कृती

फिलिप के. डिक यांची कादंबरी १९६८ची. तिच्यावरून रिडली स्कॉट यांनी १९८२ साली 'ब्लेड रनर' हा चित्रपट केला. माणसासारखेच दिसणारे कृत्रिम मानव म्हणजे रेप्लिकंट, आणि त्यांना शोधून ठार करणारा पोलीस, ही त्याची मध्यवर्ती कल्पना. कथा घडते ती नोव्हेंबर २०१९च्या लॉस एंजेलिसमध्ये. या चित्रपटाच्याच अनेक आवृत्त्या आहेत. १९८२ची प्रदर्शित प्रत, १९९२ची दिग्दर्शकीय प्रत आणि २००७ची अंतिम प्रत यांत शेवट वेगळा आहे, निवेदन वेगळे आहे, आणि नायक स्वतः रेप्लिकंट आहे का, या प्रश्नाचा रोखही बदलतो. चित्रपटाचे अभ्यासक 'कोणता ब्लेड रनर?' असे विचारल्याशिवाय बोलत नाहीत, ते यामुळेच.

लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने केलेला गेम चार सीडींवर आला. त्यांनी चित्रपटाची गोष्ट पुन्हा सांगण्याचे टाळले, हा त्यांचा पहिला शहाणपणा. त्याच शहरात, त्याच दिवसांत रे मॅकॉय नावाचा एक नवखा पोलीस दुसऱ्या एका प्रकरणाचा तपास करतो आहे. रन्सिटर नावाच्या माणसाच्या दुकानात खऱ्या प्राण्यांची हत्या झाली आहे. ज्या जगात खरा प्राणी मिळणेच दुर्मीळ, तिथे हा गुन्हा किती मोठा ते लक्षात घ्या. चित्रपटातले काही नट आपापल्या भूमिकांचे आवाज द्यायला परत आले. संगीताच्या मूळ ध्वनिफिती हाती नव्हत्या, म्हणून फ्रँक क्लेपाकी यांनी व्हँगेलिस यांच्या रचना कानाने ऐकून नव्याने बांधल्या. म्हणजे जिला आपण 'मूळ' म्हणतो आहोत, त्या कृतीतही एक नक्कल आधीपासून आहे. रेप्लिकंटांच्या गोष्टीला हे शोभूनच दिसते!

गेमची खरी ताकद मात्र एका नियमात आहे. नवा खेळ सुरू केला, की कोणती पात्रे माणसे आणि कोणती रेप्लिकंट, यातला काही भाग प्रोग्रॅम दैवावर ठरवतो. मागच्या खेळात जी व्यक्ती माणूस होती, ती या खेळात नसेलही. पात्रे आपापल्या वेळेनुसार शहरात हिंडत असतात, त्यामुळे तुम्ही उशिरा पोचलात तर एखादा पुरावा हुकतो. शेवटही बरेच आहेत, आणि कोणता मिळेल ते तुम्ही कोणाशी कसे वागलात यावर ठरते. चित्रपट प्रेक्षकाला संशयात ठेवतो. गेम तोच संशय तुमच्या हातातल्या बंदुकीच्या चापावर आणून ठेवतो. समोरच्याला गोळी घालण्याआधी चाचणी घ्यायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचे, आणि मागच्या खेळातले ज्ञान इथे उपयोगी पडेलच असे नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. या कृतीची 'संहिता' पडद्यावरच्या चित्रांत जितकी आहे, त्याहून जास्त ती चित्रांमागच्या नियमांत आहे. नाटकाची संहिता आणि प्रयोग यांत आपण फरक करतो, तसाच काहीसा हा फरक आहे.

संहिता हरवली

१९९८ साली वेस्टवुड ही कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली आणि २००३ साली तिचे लास वेगासचे कार्यालय बंद करून काम लॉस एंजेलिसला नेले. या हलवाहलवीत 'ब्लेड रनर'चा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेली मूळ संहिता, हरवली. मूळ चित्रसामग्रीही गेली. उरल्या त्या लोकांच्या घरातल्या सीडी. सीडीवरचा प्रोग्रॅम यंत्राला वाचता येतो, माणसाला नाही. शिवाय तो विंडोज ९५च्या काळातल्या संगणकांसाठी लिहिलेला होता. पुढच्या वेगवान यंत्रांवर तो नीट चालेना, चालला तरी काही प्रसंगांची गती बिघडे.

ही एकट्या गेमची व्यथा नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम आज विक्रीत उपलब्ध नाहीत. चित्रपटावर आधारलेल्या गेमची अडचण दुहेरी असते. गेम एकाचा, कथा-पात्रांचे हक्क दुसऱ्याचे, प्रकाशक तिसरा; यांतली एखादी कंपनी विकली गेली की पुन्हा छापण्याची परवानगी कोणाकडे मागायची हेच कळेनासे होते.

पहिले पुनर्प्रकाशन

जुने गेम नव्या यंत्रांवर चालवणारे स्कमव्हीएम नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या स्वयंसेवकांनी 'ब्लेड रनर'च्या सीडीवरचा यांत्रिक प्रोग्रॅम उलगडून, कोणता नियम कुठे आहे ते शोधत, माणसाला वाचता येईल असा कोड पुन्हा लिहून काढला. काम अनेक वर्षे चालले. २०१९च्या ऑक्टोबरात ते स्कमव्हीएममध्ये दाखल झाले आणि डिसेंबरात जीओजी या विक्रीस्थळावर त्याच्याच आधाराने गेम विक्रीला आला. कथेतला नोव्हेंबर २०१९ उलटून जेमतेम महिना झाला होता.

या आवृत्तीत चित्रे जुनीच आहेत: ६४० बाय ४८० पिक्सेल, आजच्या पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी किंवा मग ताणलेली. पण नियम शाबूत आहेत. आणि एक बाब अभ्यासकाने मुद्दाम नोंदवावी. उलगडणी करताना, सीडीवर असूनही खेळात न वापरलेले संवाद आणि प्रसंग सापडले. ते स्वयंसेवकांनी मूळ गेममध्ये मिसळून टाकले नाहीत. 'पुनःस्थापित मजकुरासह' अशी वेगळी निवड ठेवली. ज्याला १९९७चा गेम हवा त्याला तो मिळतो, ज्याला वगळलेले पाहायचे त्याला तेही मिळते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती ज्यांनी चाळली असेल, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. वर संपादकांनी निश्चित केलेला पाठ, खाली पाठभेद, आणि प्रक्षिप्त ठरलेले भाग परिशिष्टात. संपादकाने निर्णय घेतला, पण ज्याच्याविरुद्ध घेतला तो पुरावाही वाचकाच्या हाती ठेवला. स्कमव्हीएमच्या मंडळींनी हे संपादनशास्त्र शिकून केले असे मी म्हणत नाही. प्रामाणिकपणे काम केले की माणूस याच पद्धतीपाशी येतो, असे मात्र वाटते.

दुसरे पुनर्प्रकाशन

२३ जून २०२२ रोजी नाइटडाइव्ह स्टुडिओजची 'एन्हान्स्ड एडिशन' आली. संगणकाबरोबर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच यांवरही, त्यामुळे गेम प्रथमच त्या खेळाडूंपर्यंत पोचला. ही जमेची बाजू लहान नाही. सोर्स कोड नसल्याने त्यांनाही प्रोग्रॅम उलगडावाच लागला. अडचण आली ती चित्रांची. मूळ चित्रसामग्री नाही, हाती फक्त सीडीवरचे दाबून बसवलेले व्हिडिओ. तेच ताणून मोठे केले, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन फ्रेमच्या मध्ये गणिताने बनवलेल्या नव्या फ्रेम भरल्या.

परिणाम काय झाला? 'ब्लेड रनर'चे दृश्यविश्व उभे आहे ते पाऊस, धूर, निऑनचे दिवे आणि अर्धवट अंधार यांवर. दाबलेल्या व्हिडिओत धुराचा कण आणि तांत्रिक दोषाचा कण यंत्राला सारखेच दिसतात. दोष पुसताना धूरही पुसला गेला. भिंतींचा खडबडीतपणा मेणासारखा झाला, चेहरे धुतल्यासारखे दिसू लागले. जुन्या चित्रात जिथे काही दिसत नव्हते तिथे आपली कल्पना काम करत होती. नव्या चित्रात तिथे काहीच नाही हे स्पष्ट दिसते.

यात एक उपरोध आहे, आणि तो कृतीतूनच आलेला आहे. चित्रपटात आणि गेममध्येही 'एस्पर' नावाचे यंत्र आहे. एखादे छायाचित्र त्यात घालायचे आणि आज्ञा देत देत आत शिरायचे. कोपऱ्यामागचेही दिसू लागते. ही विज्ञानकथेची मौज आहे. प्रत्यक्षात छायाचित्रात जेवढी माहिती नोंदली गेली तेवढीच असते. मोठे करणारे यंत्र उरलेले अंदाजाने भरते. 'एन्हान्स्ड एडिशन'ने एस्परवर अक्षरशः विश्वास ठेवला, असे म्हणायचा मोह होतो.

तरीही केवळ वाईट चित्रांसाठी एखाद्या आवृत्तीला इतके धारेवर धरण्याचे कारण नाही. वाईट आवृत्त्या निघतच असतात, चांगल्या आवृत्तीच्या शेजारी त्या पडून राहतात. गंभीर गोष्ट वेगळीच घडली. नवी आवृत्ती येताच जीओजीवरून जुनी, स्कमव्हीएमवरची आवृत्ती स्वतंत्रपणे मिळेनाशी झाली. ती हवी असेल तर नवी घ्यायची, तिच्यासोबत जुनी येईल, अशी व्यवस्था झाली. खेळाडूंनी जोरदार तक्रार केली आणि काही दिवसांतच जुनी आवृत्ती पुन्हा वेगळी विक्रीला आली. पुढे नव्या आवृत्तीतही दुरुस्त्या झाल्या.

प्रकरण थोडक्यात मिटले, म्हणून ते सोडून देऊ नये. छापील पुस्तकाची नवी आवृत्ती वाईट निघाली तरी ग्रंथालयातली जुनी प्रत कपाटातच असते. प्रकाशक ती काढून नेऊ शकत नाही. ऑनलाइन दुकानात जुनी आणि नवी यांना एकच फळी असते, आणि फळीचा मालक एकच. तिथे 'सुधारणा' या शब्दाचा अर्थ सहज 'जागा घेणे' असा होतो. ज्या विद्यार्थ्याने त्या काही दिवसांत नव्याने गेम घ्यायचे ठरवले असते, त्याच्यापुढे 'ब्लेड रनर' म्हणून जे आले असते ते मेणाचे शहर. त्यावरून त्याने वेस्टवुडच्या कलादृष्टीविषयी मत बनवले असते आणि त्याला ते चुकीचे आहे हे कळण्याचा मार्गही नसता.

त्याच कंपनीचे दुसरे उदाहरण

हा दोष कंपनीच्या कुवतीचा म्हणावा, तर दोनच वर्षांनी, २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, नाइटडाइव्हनेच 'स्टार वॉर्स: डार्क फोर्सेस' हा १९९५चा गेम रिमास्टर करून आणला आणि तो मनापासून पसंत केला गेला. तिथे चित्रे वेगळ्या जातीची होती: दाबलेला व्हिडिओ कमी, आणि भिंती, दारे, शत्रू यांची छोटी छोटी चित्रे जास्त. त्यांतले एकेक हाताने पुन्हा रंगवता येते. शिवाय सोबत एक दालन दिले. त्यात मूळ कामाची रेखाटने आहेत आणि त्या काळी प्रात्यक्षिकापुरता केलेला, गेममध्ये न घेतलेला एक टप्पा खेळायलाही मिळतो. १९९५चा गेम दुकानात स्वतंत्रपणे आहेच. म्हणजे परिशिष्ट आहे आणि जुनी प्रतही.

एक बारकावा. या गेममध्ये डेथ स्टारचे नकाशे चोरतो काइल कटार्न. २०१४ साली लुकासफिल्मने चित्रपटांबाहेरच्या जुन्या कथा अधिकृत इतिहासातून वेगळ्या काढल्या आणि २०१६च्या 'रोग वन' चित्रपटात तीच चोरी दुसऱ्या पात्रांनी केली. रिमास्टरमध्ये कटार्नच आहे. कथेचा 'अधिकृत' इतिहास बदलला म्हणून जुन्या कृतीत हात घातला नाही, हे बरे केले. जॉर्ज लुकास यांनी स्वतःच्या मूळ चित्रपटांत १९९७ साली केलेले फेरफार आणि त्यानंतर मूळ प्रदर्शित प्रती मिळणे किती दुरापास्त झाले, हे आठवले तर या संयमाचे मोल कळते.

ग्रंथालयांनी हे काम करावे, ही सूचना नेहमी होते. अमेरिकेत संशोधकांना असे गेम ग्रंथालयातून दूरस्थपणे वापरू द्यावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये नाकारली. तूर्त दुकान हेच ग्रंथालय आहे.

सरावासाठी: शक्य झाल्यास 'ब्लेड रनर'च्या दोन्ही आवृत्तींत रन्सिटरच्या दुकानाचा पहिला प्रसंग पाहावा. आधी दुकानाबाहेरचा रस्ता एक मिनिट नुसता न्याहाळावा; पाऊस कुठे दिसतो, कुठे दिसत नाही, ते लिहावे. मग जुन्या आवृत्तीत नवा खेळ दोनदा सुरू करून, दोन्ही वेळा एकाच संशयिताशी झालेले संभाषण शब्दशः उतरवावे आणि फरक कुठून आला ते शोधावे. परीक्षण लिहिताना पहिल्याच ओळीत आवृत्तीचे नाव आणि वर्ष द्यावे.