बालवाङ्मयांतील परधर्मीय सत्पुरुष

मराठी बालवाङ्मयांत ज्याची वाण सहसा पडत नाहीं असा एक प्रकार म्हणजे थोर धर्मपुरुषांच्या चरित्रांचा. राम, कृष्ण, महावीर, बुद्ध, येशू, महंमद, नानक अशीं सात-आठ नांवें एका वेष्टनांत बांधून मुलांच्या हातीं दिलीं, म्हणजे धार्मिक उदारतेचें शिक्षण पुरें झालें अशी पालकांची, आणि शिक्षकांचीही, समजूत असते. हेतु चांगला आहे, त्याबद्दल वाद नाहीं. पण हेतु चांगला म्हणून पुस्तक चांगलें ठरत नाहीं. आणि मुलांच्या पुस्तकांना तर आपण केवळ हेतूवरच उत्तीर्ण करीत आलों आहों.

असले संग्रह वाचकांनीं एकदां सलग वाचून पाहावे. नांवें आणि वेष पालटतात, आंतला माणूस पालटत नाहीं. प्रत्येक जण बालपणापासून दयाळु, प्रत्येकाचा दुष्टांकडून छळ, आणि शेवटीं प्रत्येकाचा उपदेश एकच कीं सर्वांवर प्रेम करा. एखादें चौकस मूल मग विचारतें कीं, सगळे एकच सांगत होते तर इतके धर्म झाले तरी कशाला? या प्रश्नाला संग्रहकर्त्यापाशीं उत्तर नसतें. कारण तें ज्या प्रसंगांत आहे ते प्रसंग त्यानें आधींच गाळलेले असतात. महंमदांनीं मक्केंतील मूर्तिपूजेवर कोरडे ओढले, बुद्धानें यज्ञांतील पशुवध आणि जन्माचा अभिमान दोन्ही झिडकारले, येशूनें मंदिराच्या आवारांतील सराफांचे चौरंग उलथून टाकले. ज्याच्या बोलण्यानें कोणीच दुखावलें गेलें नाहीं, त्याचा छळ कां व्हावा हेंही मग मुलाला समजत नाहीं.

चरित्र लहान म्हणून तें पोकळच असलें पाहिजे असें मात्र नाहीं. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं ‘बालबोध’ मासिक काढलें, आणि सरळ, स्वच्छ भाषेंत लिहिलेलीं छोटीं चरित्रें हा त्याचा नेमाचा भाग होता. गोव्यांतील सांखवाळ येथें प्रपंचांत अडकलेल्या, शाळेंत बेताचेंच शिकलेल्या एका तरुणाच्या हातीं त्या मासिकांतील बुद्धचरित्र पडलें. तो तरुण १८९९ सालीं घर सोडून निघाला. पुणें, काशी, नेपाळ असें हिंडत सिंहलद्वीपास पोंचला, आणि तेथें १९०२ सालीं भिक्षु झाला. धर्मानंद कोसंबी ते हेच. मुलांसाठीं लिहिलेल्या कांहीं पानांनीं मराठी भाषेला पाली वाङ्मयाचा एवढा मोठा पंडित मिळवून दिला, हा हिशेब बालवाङ्मयाला दुय्यम लेखणारांनीं एकदां मांडून पाहावा.

आणि ऋण कसें फेडावें तेंही कोसंबींकडूनच शिकावें. ‘बुद्धलीलासारसंग्रहा’नंतर वर्षानुवर्षें अभ्यास करून त्यांनीं ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यांत ती सर्वांना पाठ असलेली कथा, म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून राजपुत्राला वैराग्य आल्याची, दंतकथा म्हणून बाजूस सारली. शाक्य आणि कोलिय या शेजाऱ्यांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत. आपल्याच आप्तांनीं एकमेकांवर शस्त्र उगारलेलें पाहून सिद्धार्थाचें मन उद्विग्न झालें, असा उलगडा त्यांनीं जुन्या सुत्तांच्या आधारें केला. डॉ. आंबेडकरांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथांतही गृहत्यागाचें कारण याच तंट्यांत शोधलें आहे. मुलांचीं पुस्तकें मात्र अद्याप रथ, म्हातारा आणि प्रेत यांच्यापाशींच घुटमळत आहेत. वस्तुतः प्रेत पाहून दचकलेल्या राजपुत्रापेक्षां पाण्यासाठीं रक्त सांडूं देणार नाहीं म्हणणारा तरुण मुलांना किती जवळचा वाटेल! गोदावरीच्या पाण्यावरून खालच्या जिल्ह्यांशीं वारंवार हुज्जत घालणाऱ्या आमच्या नाशिकच्या मुलांना तर तो विशेषच लवकर समजेल.

बुद्धाविषयींचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. ‘बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार’ असें एक वाक्य लिहिलें कीं लेखकाला आपण मोठें औदार्य केलें असें वाटतें. हें औदार्य नाशिकांत तरी तपासून घेतलें पाहिजे. २ मार्च १९३० रोजीं येथें काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. आंबेडकर त्याचे नेते आणि दादासाहेब गायकवाड त्याचे आधारस्तंभ. वर्षांमागून वर्षें गेलीं, तरी दार उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा त्यांनीं केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत लाखों लोकांसह बुद्धाचा मार्ग स्वीकारला. त्या वेळीं घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकीं एक, बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाहीं, अशीच आहे. आतां एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकीं एकाच्या पुस्तकांत बुद्ध अवतार असेल आणि दुसऱ्याच्या घरीं तें मानावयाचें नाहीं अशी प्रतिज्ञा असेल, तर सर्व धर्म समान या वाक्यानें त्या दोघांचें समाधान कसें व्हावें? दुसऱ्याचा सत्पुरुष आपल्या देव्हाऱ्यांत आणून बसवणें आणि दुसरा ज्या अर्थानें त्याला मानतो तो अर्थ ऐकून घेणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आमचें बालवाङ्मय पहिली करून दुसरी केल्याचें श्रेय घेतें.

मग मुलांना वाचायला द्यावें तरी काय? हा प्रश्न आला कीं आमच्या डोळ्यांपुढें दोन पुस्तकें येतात, आणि योगायोग असा कीं दोन्ही नाशिकशीं बांधलेलीं आहेत. एक साने गुरुजींची ‘श्यामची आई’, जिचा बहुतेक भाग १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहून झाला. दुसरें लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’, जें १९३४ पासून भागाभागांनीं बाहेर आलें. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपुरच्या. दोन्ही पुस्तकांत धर्मसंस्थापक कोणी नाहीं. धर्म आहे तो स्वयंपाकघरांत, विहिरीवर, आजारपणांत आणि भांडणांत; आणि मुलांना धर्म दिसतो तो तेथेंच.

‘श्यामची आई’ हें पुस्तक मराठी मध्यमवर्गाला इतकें प्रिय आहे कीं त्यावर टीका करतांना हात आंखडतो. पण त्यांतील महार म्हातारीच्या मोळीचा प्रसंग पुन्हां नीट वाचावा. आई श्यामला ती मोळी म्हातारीच्या डोक्यावर चढवून दे म्हणते, लोकांची पर्वा करूं नको म्हणते, आणि मग घरीं येऊन स्नान कर, असेंही सांगते. पिढ्यान्‌पिढ्या वाचकांचे डोळे मोळीपाशीं भरून येतात आणि स्नान वाहून जातें. आमच्या मतें त्या प्रसंगाचें खरें मोल त्या स्नानांतच आहे. एका पुण्यशील बाईचें मन कोठवर गेलें आणि कोठें थबकलें हें लेखकानें लपविलें नाहीं. ज्या गुरुजींनीं पुढें १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपूरचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून प्राण पणास लावले, त्यांनीं आपल्या आईची मर्यादा तशीच ठेवली, हा लेखक म्हणून त्यांचा प्रामाणिकपणा होय. आईबापांनीं हा प्रसंग मुलांना वाचून दाखवितांना येथें थांबावें. मूल आपण होऊन ‘स्नान कशाला?’ असें विचारील.

याच गुरुजींनीं ‘इस्लामी संस्कृति’ हें हजरत महंमदांचें चरित्र सांगणारें पुस्तक लिहिलें आहे, हें मात्र ‘श्यामची आई’ कपाटांत जपणाऱ्या कितीकांना ठाऊक असेल? अरबस्तानचें वाळवंट, तेथील टोळ्या, त्यांचें काव्यप्रेम, सगळें त्यांनीं आस्थेनें सांगितलें आहे. लेखक एकच, प्रेमळपणा तोच. तरी एक पुस्तक घरोघर गेलें आणि दुसरें नाहीं. हा दोष लेखणीचा म्हणतां येत नाहीं.

‘स्मृतिचित्रें’ याहून धीट आहे. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापर्यंत पोंचलों असें ते मानीत, आणि हें वाक्य भाषणांतून आवडीनें सांगितलें जातें. पण त्या वाटेवर मागें राहिलेल्या बायकोचें काय झालें तें लक्ष्मीबाई सांगतात: नातलगांच्या आश्रयाचे दिवस, लहान दत्तूची ओढाताण, पुढें नवऱ्याजवळ जाऊनही वेगळें राखलेलें सोंवळें, आणि तें कसें हळूहळू सुटत गेलें. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या आग्रहास्तव नव्हे, आपल्या मनाची खात्री झाल्यावर. सोंवळ्याच्या वेडापायीं घरांतील वस्तु न्‌ वस्तु धुवून घेणाऱ्या वडिलांची थट्टा ज्या हातानें केली, त्याच हातानें टिळकांच्या लहरीपणाचीही केली; ख्रिस्ती झाल्या म्हणून एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला दैत्य अशी मांडणी त्यांनीं केली नाहीं. हिंदु वाचक तें पुस्तक हसत, रडत वाचतो आणि वाचून ख्रिस्ती होत नाहीं. फक्त शेजारचें ख्रिस्ती घर त्याला आतां परकें वाटत नाहीं. शंभर चरित्रमालांनीं जें साधलें नाहीं तें या एका पुस्तकानें साधलें आहे.

तें मुलांसाठीं म्हणून लिहिलेलें नाहीं, असा आक्षेप येईल. खरा आहे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्यांतील निम्मी प्रकरणें मोठ्यानें वाचून दाखविण्यासारखीं आहेत, आणि लक्ष्मीबाईंची वाक्यें तर कानासाठींच घडविलेलीं. कोणी त्याची बालांसाठीं संक्षिप्त आवृत्ति काढीलच, तर आमची एवढीच विनंती आहे कीं, टिळकांच्या धर्मांतरानंतरचीं तीं कडवट वर्षें मुलांना झेंपणार नाहींत म्हणून गाळूं नयेत.