डोळा मुंबईत, हात धडगावात

२००४ साली फिंक आणि पादाल्का या अंतराळवीरांनी, डॉक्टर नसताना, अंतराळस्थानकात खांद्याची सोनोग्राफी केली. जमिनीवरून तज्ज्ञ सांगत होते तसा प्रोब फिरवला. चित्रं निदानाजोगी आली. मग धडगावच्या आरोग्यसेविकेला का जमू नये, असं विचारतात. जमेल हो! तरी हा युक्तिवाद आम्हांला अपुरा वाटतो. तिथे प्रश्न खांद्याचा होता, गर्भाचा नव्हता. गर्भात दिसलेलं काही डॉक्टरांनी विकलं, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला. यंत्र नोंदणीच्या जागेशी बांधलं गेलं. आता डोळा मुंबईत, हात धडगावात. गैर झालं, तर जाब कुणाला विचारायचा? आज तो विचारता येतो, भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेल्या केंद्राला.