नवा जन्म आणि धर्मांतर : पंडिता रमाबाईंच्या ‘साक्षी’चा विचार

मराठी ख्रिस्ती आत्मपर वाङ्मयाची चर्चा करताना ‘धर्मांतर’ हाच शब्द बहुधा केंद्रस्थानी ठेवला जातो. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक ही नावे निघाली की बाप्तिस्म्याचे वर्ष सांगितले जाते, आणि त्या वर्षाच्या अलीकडचे व पलीकडचे असे चरित्राचे दोन भाग पाडले जातात. सामाजिक इतिहासाला ही विभागणी सोयीची आहे. कारण आप्तांचा वियोग, जातीचा बहिष्कार, लोकापवाद हे सारे त्या वर्षाशी निगडित असते. वाङ्मयाच्या अभ्यासाला मात्र ती पुरेशी नाही. ख्रिस्ती धर्मविचारात ‘नवा जन्म’ ही धर्मांतराहून भिन्न कल्पना आहे. या दोहोंतील अंतर हाच रमाबाईंच्या १९०७ मधील आत्मकथनाचा कणा होय. मूळ इंग्रजीत लिहिलेले हे छोटे पुस्तक मराठी वाचकांस ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित आहे. उपर्युक्त अंतर लक्षात न घेतल्यास त्या पुस्तकाची रचना उलगडत नाही, आणि त्याच्या मर्यादाही नेमक्या सांगता येत नाहीत.

१

या कल्पनेचे मूळ स्थान म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय. निकदेम नावाचा विद्वान शास्त्री रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि नव्याने जन्मण्याची आवश्यकता ऐकून गोंधळात पडतो. तेथील मूळ ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ संभवतात. निकदेम पहिला अर्थ घेतो, आणि म्हातारपणी मातेच्या उदरात शिरावे कसे असा प्रश्न करतो. येशू बोलत असतो तो वरून, म्हणजे आत्म्यापासून होणाऱ्या जन्माविषयी. संवादाची सगळी गती या द्व्यर्थावर आधारलेली आहे.

मराठीत ही कल्पना आली तेव्हा भाषेतील दोन शब्द आधीच गुंतलेले होते. ‘पुनर्जन्म’ हा कर्मसिद्धांताचा शब्द. त्यात देह बदलतो आणि कर्म टिकते. ‘द्विज’ हा संस्काराचा शब्द. त्यातील दुसरा जन्म उपनयनाने मिळतो. ‘नवा जन्म’ हा साधा शब्दप्रयोग ख्रिस्ती लेखनात रूढ झाला, त्याने या दोहोंपासून अंतर राखले. या जन्मात देह तोच राहतो, आणि तो मिळण्यासाठी जातीचा अधिकार लागत नाही.

रमाबाईंच्या बाबतीत हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हता. त्या शास्त्री पित्याच्या कन्या. संस्कृत विद्येच्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. तथापि विद्येने द्विजत्व मिळत नव्हते. स्त्रियांना विवाह हाच उपनयनाच्या जागी असे मनुस्मृती सांगते. धर्मशास्त्रांच्या वाचनातून आपल्या हाती काय लागले ते रमाबाईंनी साक्षीत स्पष्ट नोंदवले आहे : स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा मार्ग नाही, पतिसेवा हीच तिची गती. एक जन्म नाकारलेला आणि दुसरा पुढच्या देहापर्यंत लांबलेला, अशा स्थितीत याच देहात मिळणाऱ्या जन्माची वार्ता त्यांना कशी भावली असेल, हे समजण्यास मानसशास्त्राची फारशी मदत घ्यावी लागत नाही.

२

यापुढचा क्रम मात्र अपेक्षेप्रमाणे जात नाही. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या. फुलम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी त्या संघाने चालविलेले आश्रयस्थान त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांची कोणी प्रेमाने सेवा करते, हे त्यांना नवे होते. त्याचे कारण विचारता त्यांच्यापुढे शोमरोनी स्त्रीची कथा आली. ही कथा योहानाच्या चौथ्या अध्यायातील आहे. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी व त्यांच्या लहान कन्येने बाप्तिस्मा घेतला. पंडितेचा प्रवेश अशा रीतीने विहिरीकाठच्या स्त्रीच्या अध्यायातून झाला; पंडिताचा तिसरा अध्याय मागे राहिला.

तो मागे राहण्यास इंग्लिश चर्चमधील एक वादही कारणीभूत होता. वाँटेजचा संघ उच्च परंपरेचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या संस्कारातच नवा जन्म घडतो असे मानणारा. या मतावर इंग्लंडमध्ये मोठा वाद माजला होता. गोरहॅम नावाच्या धर्मगुरूने ते मत जसेच्या तसे स्वीकारण्यास नकार दिला, म्हणून बिशपने त्याची नेमणूक अडवली. १८५० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोरहॅमच्या बाजूने निर्णय दिला. एकाच चर्चमध्ये दोन्ही मतांना त्यामुळे जागा राहिली. एका मतानुसार रमाबाईंचा नवा जन्म १८८३ मध्येच झालेला होता. दुसऱ्या मतानुसार तो व्हावयाचा होता.

साक्षीचा निर्णय दुसऱ्या बाजूचा आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपणास ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. या बोधास निमित्त झाले ते विल्यम हॅस्लम यांचे मृत्यूतून जीवनाकडे येण्याविषयीचे आत्मकथन. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील दीक्षित धर्मगुरू, तेही मुळात उच्च परंपरेचे. १८५१ मध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर प्रवचन देत असता त्यांना परिवर्तनाचा अनुभव आला. हा नमुना अर्थपूर्ण आहे. रमाबाईंनी आपल्या अनुभवाचा आरसा म्हणून निवडलेला मनुष्य हिंदूचा ख्रिस्ती झालेला नव्हे, तर ख्रिस्ती असूनही ख्रिस्ती व्हावा लागलेला आहे. साक्षीतील निर्णायक रेषा दोन धर्मांच्या मधून जात नाही. ती एकाच धर्माच्या आत ओढलेली आहे.

३

पदमनजींच्या ‘अरुणोदया’शी तुलना केली की हे वेगळेपण अधिक ठळक होते. १८८८ च्या त्या आत्मचरित्राचे शीर्षकच क्रमाक्रमाने वाढणाऱ्या उजेडाचे आहे. वाचन, शंका, परमहंस सभेचा सहवास, दीर्घ द्विधा आणि अखेर १८५४ मधील बाप्तिस्मा, असा तो चढता क्रम आहे. दीक्षा हे त्याचे शिखर. साक्षीत दीक्षा ही वाटेतली एक पायरी ठरते. पहाट हळूहळू होते. जन्माला मात्र आधी आणि नंतर असे दोनच काळ असतात.

या रूपकाची किंमत रमाबाईंच्या कथनाला द्यावी लागली आहे. १८८३ नंतरच्या वर्षांत वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्या पत्रांतील रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालतात, चर्चच्या अधिकारापेक्षा स्वतःच्या सदसद्विवेकाला श्रेष्ठ मानतात आणि गुरुस्थानी असलेल्या स्त्रियांना निर्भयपणे उत्तरे देतात. साक्षीत हा तपशील जवळजवळ येतच नाही. पंथोपपंथांच्या गोंधळाचा उल्लेख करून कथन पुढे सरकते. नव्या जन्मापूर्वीची वर्षे अपूर्णतेची ठरवल्यावर त्या वर्षांतील बुद्धीचे तेजही अपूर्णतेतच जमा होते. साक्ष लिहिली गेली तीही मुक्ती सदनातील १९०५ च्या धार्मिक जागृतीनंतर, जेव्हा तेथे सामुदायिक रीतीने नव्या जन्माचीच भाषा बोलली जात होती. १८९१ च्या अनुभवावर १९०७ चा प्रकाश पडलेला आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. रमाबाईंच्या मनाचा इतिहास लिहिणाऱ्याने साक्ष एकटी वाचू नये. पत्रे तिच्या शेजारी ठेवावीत.

परंतु साक्षीचे वाङ्मयीन यश नेमके तेथे आहे, जेथे पहिला जन्म दुसऱ्यापुढे मान तुकवत नाही. स्वजनांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविणारे अनंतशास्त्री, मुलीला शिकविणारी माता, तीर्थयात्रा, दानधर्मात सरलेले द्रव्य, दुष्काळातील उपासमार आणि आईवडिलांचे मृत्यू : या भागात उपदेशाचा सूर असूनही आठवण त्याच्यापेक्षा बलवान ठरते. श्रद्धेच्या दृष्टीने पित्याचा मार्ग चुकला असे लेखिका म्हणते; प्रेमाच्या दृष्टीने ती त्याला एक पाऊलही दूर लोटत नाही. दुष्काळाच्या अनुभवांविषयीच्या आपल्या लेखनात तर तिने पित्याचा अखेरचा उपदेश, जन्मभर देवाची सेवा करावी हा, स्वतःच्या पुढील आयुष्याचे बीज म्हणून सांगितला आहे. नव्या जन्माच्या सिद्धांतात जुन्या आईबापांना स्थान काय, हा निकदेमाच्या प्रश्नाचा खरा गाभा. त्याचे उत्तर रमाबाई सिद्धांताने देत नाहीत, आठवणीने देतात.

४

धर्मांतर आणि नवा जन्म यांतील हे अंतर केवळ रमाबाईंपुरते नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांसाठी. रमाबाईंच्या साक्षीत बाप्तिस्मा आहे आणि नवा जन्म नाही अशी आठ वर्षे आहेत. टिळकांच्या दरबारात शिष्यत्व आहे आणि बाप्तिस्मा नाही अशा माणसांना आसन आहे. दिशा परस्परविरुद्ध, पण दोघांनीही संस्कार आणि अंतरंग यांना जोडणारी गाठ सैल केली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिसरी वाट दाखवतात. तेथे परिवर्तन सोवळ्याओवळ्याच्या, खाण्यापिण्याच्या रोजच्या व्यवहारातून उतरते, आणि जन्माचे रूपक लेखिकेला फारसे लागतच नाही.

म्हणून या वाङ्मयाला ‘धर्मांतराचे वाङ्मय’ असे एकच नाव देणे अपुरे आहे. प्रत्येक ग्रंथापुढे दोन प्रश्न स्वतंत्रपणे ठेवले पाहिजेत : लेखक एका समाजातून दुसऱ्या समाजात केव्हा गेला, आणि आपण बदललो असे त्याला केव्हा वाटले. पहिल्याचे उत्तर चर्चच्या नोंदवहीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर ग्रंथाच्या रचनेतच शोधावे लागते, आणि तेथपासून टीकाकाराचे काम सुरू होते.