करारबद्ध खेळाडूंची वादग्रस्त विधाने आणि क्रीडासंस्थांची शिस्त : एक चिकित्सा

प्रस्तावना

खेळ आणि शिस्त हे शब्द आपल्याकडे पूर्वापार जोडीनेच उच्चारले जातात. पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तरी तो निमूटपणे मान्य करणे, ही खेळाडूची पहिली दीक्षा मानली जाते. ही शिस्त मैदानाच्या सीमारेषेच्या आत लागू होते आणि तिचे नियम सामना सुरू होण्यापूर्वीच दोन्ही संघांना ठाऊक असतात. मात्र गेल्या दोन दशकांत खेळाडू वार्षिक करारांनी बांधले गेले, प्रायोजकांचा पैसा खेळाचा कणा बनला आणि समाजमाध्यमांमुळे खेळाडूचा प्रत्येक उद्गार सार्वजनिक झाला. परिणामी शिस्तीची सीमारेषा मैदानाबाहेर सरकली. खेळाडू काय खेळतो याबरोबरच तो काय बोलतो, यावरही क्रीडासंस्था अधिकार सांगू लागल्या.

हा अधिकार मुळातच अग्राह्य आहे, असे म्हणता येणार नाही. राष्ट्राच्या नावाने खेळणाऱ्या व्यक्तीच्या जाहीर विधानांनी एखाद्या समाजघटकाचा अवमान होत असेल, तर त्या विधानांची दखल घेणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो दखल कशी घ्यावी याचा. प्रस्तुत लेखात २०१९ मधील दोन आणि २०२१ मधील एक, अशा तीन प्रकरणांच्या आधारे क्रीडासंस्थांच्या कार्यपद्धतीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी चार निकष विचारात घेतले आहेत : नियमाची पूर्वस्पष्टता, निवाडा करणाऱ्याची स्वायत्तता, शिक्षेची प्रमाणबद्धता आणि सर्व विधानांना समान न्याय.

‘अप्रतिष्ठा’ या शब्दाची व्याप्ती

बहुतेक क्रीडासंस्थांच्या आचारसंहितेत एक कलम हमखास आढळते. खेळाची किंवा संस्थेची अप्रतिष्ठा होईल असे वर्तन खेळाडूने करू नये, असा त्याचा आशय असतो. ‘अप्रतिष्ठा’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या मात्र क्वचितच केलेली असते. ही संदिग्धता संस्थेच्या सोयीची असते. आज दुर्लक्षिलेले विधान उद्या प्रायोजकाने नाराजी व्यक्त करताच शिक्षेस पात्र ठरू शकते. नियम तोच राहतो आणि त्याचा अर्थ परिस्थितीनुसार बदलतो. कायद्याच्या परिभाषेत ज्याला पूर्वसूचना म्हणतात, ती अशा नियमातून खेळाडूला मिळत नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. २००५ साली झी टेलिफिल्म्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्वाळा दिला, की भारतीय क्रिकेट नियामक मंडळ हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ नुसार ‘राज्य’ नाही. पुढे २०१५ मध्ये, बिहार क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात, मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करीत असल्याने ते उच्च न्यायालयाच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकारकक्षेत येते, हे न्यायालयाने अधोरेखित केले. म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क खेळाडूला मंडळाविरुद्ध थेट बजावता येत नाही. त्याच वेळी मंडळाचा कारभार न्याय्य व वाजवी असावा, ही अपेक्षा मात्र कायद्याने मान्य केली आहे. म्हणूनच आपल्याकडे कार्यपद्धतीचा प्रश्न दुय्यम ठरत नाही. खेळाडूला जे काही संरक्षण उपलब्ध आहे, ते कार्यपद्धतीतच आहे.

हार्दिक पंड्या व के. एल. राहुल प्रकरण

६ जानेवारी २०१९ रोजी ‘कॉफी विथ करण’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हार्दिक पंड्या व के. एल. राहुल यांचा सहभाग असलेला भाग प्रसारित झाला. त्यातील, विशेषतः पंड्या यांची, स्त्रियांविषयीची विधाने अवमानकारक असल्याची तीव्र प्रतिक्रिया समाजात उमटली. ९ जानेवारीला मंडळाने दोघांना कारणे दाखवा नोटीस बजावली. ११ जानेवारीला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेच्या पूर्वसंध्येला, चौकशी प्रलंबित ठेवून त्यांना निलंबित करण्यात आले व मायदेशी परत बोलावण्यात आले. नोटीस आणि निलंबन यांच्यात अवघे दोन दिवस गेले.

त्या वेळी मंडळाचा कारभार सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासकांची समिती पाहत होती व तीत विनोद राय आणि डायना एडलजी हे दोनच सदस्य उरले होते. राय यांनी प्रारंभी दोन सामन्यांच्या बंदीचा पर्याय सुचविला. मुंबईच्या एडलजी या भारतीय महिला संघाच्या माजी कर्णधार. त्यांनी या शिक्षेस नियमांचा आधार आहे का, अशी विचारणा विधी विभागाकडे केली. हे वर्तन आचारसंहितेच्या कक्षेत बसत नसल्याचे मत पुढे आल्यावर मंडळाच्या घटनेतील निलंबनाच्या तरतुदीचा आधार घेण्यात आला. चौकशी कोणी करावी यावर दोन्ही सदस्यांचे एकमत झाले नाही आणि लोकपालाचे पद तर रिक्तच होते. म्हणजे आरोप होता व निलंबनही होते; निवाडा करणारा अधिकारी मात्र अस्तित्वात नव्हता.

दोघांनीही बिनशर्त माफी मागितली. २४ जानेवारीला न्यायमित्र पी. एस. नरसिंह यांच्या सहमतीने निलंबन उठविण्यात आले. २१ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांची लोकपालपदी नियुक्ती केली आणि एप्रिलमध्ये त्यांनी प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला. निलंबनामुळे प्रत्येकाचे सुमारे ३० लाख रुपयांचे उत्पन्न आधीच बुडाले असल्याची नोंदही या आदेशात होती. म्हणजे चौकशीपूर्व निलंबनाची झळ प्रत्यक्ष शिक्षेपेक्षा मोठी ठरली. चौकशीची सोय म्हणून योजलेला उपायच मुख्य शिक्षा बनला. ही बाब प्रमाणबद्धतेच्या निकषावर उतरत नाही.

दंडाच्या रकमेचा विनियोग हा या प्रकरणातील सर्वाधिक बोलका तपशील म्हणावा लागेल. कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या निमलष्करी दलांतील १० जवानांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी एक लाख रुपये आणि अंधांच्या क्रिकेटच्या संवर्धनासाठी १० लाख रुपये, असे त्याचे स्वरूप होते. ही दोन्ही कार्ये आदरणीय आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु आक्षेप होता तो स्त्रियांच्या अवमानाचा. ज्यांचा अवमान झाला त्यांचा या प्रायश्चित्तात कोठेच उल्लेख नव्हता. मुलींच्या क्रिकेटसाठी निधी, शालेय खेळाडूंशी संवाद किंवा खेळाडूंच्या प्रशिक्षणात या विषयाचा समावेश, यांपैकी कोणताही उपाय दोष आणि प्रायश्चित्त यांची सांगड घालणारा ठरला असता. प्रत्यक्षात मूळ दोष बाजूला राहिला आणि सर्वमान्य पुण्यकर्माने प्रकरण मिटले. विधान का चुकीचे होते, या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज संस्थेला भासली नाही.

इस्राएल फोलाऊ प्रकरण

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात घडलेले प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. इस्राएल फोलाऊ हा राष्ट्रीय रग्बी संघाकडून ७३ कसोटी सामने खेळलेला नामांकित खेळाडू. एप्रिल २०१८ मध्ये समलिंगी व्यक्ती नरकात जातील, अशा आशयाचे विधान त्याने समाजमाध्यमावर केले. रग्बी ऑस्ट्रेलिया या संस्थेने त्याच्याशी चर्चा केली, पण शिक्षा केली नाही. उलट त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याचा करार २०२२ च्या अखेरपर्यंत वाढविण्यात आला. १० एप्रिल २०१९ रोजी त्याने मद्यपी, समलिंगी, व्यभिचारी, नास्तिक आदींना नरकाचा इशारा देणारा मजकूर प्रसृत केला. मे महिन्यात त्रिसदस्यीय समितीपुढे सुनावणी झाली, आचारसंहितेचा गंभीर भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला आणि १७ मे रोजी करार संपुष्टात आणण्यात आला.

कार्यपद्धतीचा विचार करता ही संस्था भारतीय मंडळापेक्षा सरस ठरते. तिथे सुनावणीची यंत्रणा आधीपासून होती, खेळाडूला आपली बाजू मांडता आली आणि निर्णय महिनाभरात लागला. तथापि तिची चूक एक वर्ष आधीची होती. खेळाडूची धर्मश्रद्धा व ती जाहीरपणे मांडण्याचा त्याचा आग्रह २०१८ मध्येच स्पष्ट झाला होता. ते ठाऊक असताना करार वाढवायचा आणि पुढील वर्षी त्याच स्वरूपाच्या विधानासाठी तो रद्द करायचा, यात धोरणात्मक सुसंगती दिसत नाही. २०१८ मध्ये मैदानावरील उपयुक्तता वजनदार ठरली. २०१९ मध्ये प्रायोजकांचा रोष व जनमत ही पारडी जड झाली. मधल्या काळात विधानाचा आशय बदलला नव्हता.

फोलाऊने धर्माच्या कारणावरून नोकरीतून काढल्याचा दावा करीत न्यायालयात धाव घेतली. त्याच्या खटल्यासाठी ऑस्ट्रेलियातील एका ख्रिस्ती संघटनेच्या आवाहनास प्रतिसाद म्हणून २० लाख डॉलरहून अधिक निधी जमला. ४ डिसेंबर २०१९ रोजी दोन्ही पक्षांत गोपनीय तडजोड झाली व परस्परांविषयी दिलगिरी व्यक्त करण्यात आली. परिणामी धर्मश्रद्धेचा उच्चार आणि कराराने स्वीकारलेले बंधन यांच्यातील सीमारेषा न्यायालयाकडून निश्चित होण्याची संधी हुकली. रग्बी खेळणाऱ्या समलिंगी तरुणाला आपली संस्था आपल्या बाजूने कितपत उभी आहे, हे तडजोडीनंतर उमजले नाही. श्रद्धाळू खेळाडूलाही आपण काय बोलू शकतो, याचे उत्तर मिळाले नाही.

ऑली रॉबिन्सन आणि भूतकाळाचा प्रश्न

जून २०२१ मध्ये इंग्लंडच्या ऑली रॉबिन्सनने लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले. त्याच दिवशी, त्याने किशोरवयात व त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत केलेली वंशवादी व स्त्रीविरोधी ट्विट्स उजेडात आली. सामना संपताच त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित करण्यात आले. पुढे सुमारे महिनाभरात क्रिकेट शिस्तपालन आयोगाने आठ सामन्यांची बंदी व ३,२०० पौंड दंड अशी शिक्षा दिली. यांपैकी पाच सामन्यांची बंदी दोन वर्षांसाठी स्थगित ठेवण्यात आली आणि उर्वरित तीन सामने तो आधीच मुकला असल्याने ते शिक्षेत धरण्यात आले.

निलंबनाचा काळ शिक्षेतून वजा करणे आणि शिक्षेचा मोठा भाग पुढील वर्तनावर सोपविणे, ही या निर्णयाची जमेची बाजू होय. तरीही एक प्रश्न उरतो. ही विधाने अनेक वर्षे जाहीर होती. राष्ट्रीय संघात निवड करताना ती कोणी तपासली नाहीत. संस्थेचा हा हलगर्जीपणा शिक्षेच्या हिशेबात आला नाही. त्याची किंमत केवळ खेळाडूने मोजली.

मौनाची शिस्त

वरील तिन्ही प्रकरणांत खेळाडूंची विधाने समर्थनीय नव्हती, त्यामुळे संस्थांची बाजू सहज भक्कम दिसते. मात्र हेच अधिकार न्याय्य विधानाविरुद्धही वापरता येतात. १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारे येथे विश्वचषकाच्या सामन्यात अँडी फ्लॉवर व हेन्री ओलोंगा यांनी झिम्बाब्वेतील लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून दंडावर काळ्या फिती बांधल्या. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना शिक्षा केली नाही, पण त्या स्पर्धेनंतर दोघांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला सर्व जीव समान असल्याचा संदेश लिहिलेले बूट पर्थ कसोटीत घालण्याची मुभा मिळाली नाही आणि काळी फीत बांधल्याबद्दल त्याला समज देण्यात आली.

भारतातील उदाहरण वेगळ्या प्रकारे उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाविषयी परदेशी व्यक्तींनी मतप्रदर्शन केल्यावर अनेक करारबद्ध क्रिकेटपटूंनी राष्ट्रीय ऐक्याचे आवाहन करणारे संदेश प्रसृत केले. मंडळाने त्यास हरकत घेतली नाही. २०२३ मध्ये महिला कुस्तीपटूंनी महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून दिल्लीत आंदोलन केले, तेव्हा बहुतेक करारबद्ध क्रिकेटपटू गप्प राहिले. २ जून रोजी कुस्तीपटूंच्या बाजूने निवेदन काढले ते १९८३ च्या विश्वविजेत्या संघाने. त्या संघातील खेळाडूंची मैदानावरील कारकीर्द केव्हाच संपली होती. करार खेळाडूला काय बोलण्यापासून रोखतो, हे आचारसंहितेच्या मजकुरापेक्षा अशा मौनातून अधिक स्पष्ट कळते. ज्या मंडळाने २०१९ मध्ये स्त्रियांच्या सन्मानासाठी तातडीने निलंबन केले, त्याच्या छत्राखालील खेळाडूंना स्त्रियांच्या सन्मानासाठी बोलणे २०२३ मध्ये सुरक्षित वाटू नये, ही विसंगती चिंतनीय आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की क्रीडासंस्था विधानाच्या आशयाचा न्याय करण्यापेक्षा त्यातून उद्भवलेल्या गदारोळाचे व्यवस्थापन करतात. गदारोळ मोठा असेल तर कारवाई त्वरित होते आणि तो शमला की शिक्षाही सौम्य होते. या पद्धतीत खेळाडूला न्याय मिळेलच असे नाही आणि ज्यांचा अवमान झाला त्यांना तर तो मिळतच नाही.

यावर उपाय दुष्प्राप्य नाहीत. ‘अप्रतिष्ठा’ या संदिग्ध शब्दाऐवजी जात, धर्म, वंश, लिंग आदींवरून अवमान करणाऱ्या विधानांची स्पष्ट व्याख्या करारात असावी. लोकपालाचे पद रिक्त राहू नये व चौकशीपूर्व निलंबनाला कालमर्यादा असावी. निलंबनात बुडालेले उत्पन्न शिक्षेत गणले जावे. शिक्षेचा मूळ दोषाशी संबंध असावा आणि अवमानित घटकाचे म्हणणे सुनावणीत ऐकले जावे. अन्यायाविरुद्ध सनदशीर मार्गाने व्यक्त केलेले मत शिस्तभंग ठरणार नाही, अशी हमीही त्याच करारात असावी. पंचाच्या निर्णयापुढे खेळाडू मान तुकवतो, कारण नियम आधी ठरलेला असतो आणि पंच कोणत्याही संघाचा नसतो. मैदानाबाहेर शिस्त लावू इच्छिणाऱ्या संस्थांनी या दोन अटी आधी स्वतःला लागू करणे अगत्याचे आहे.