एलिझाबेथ सिडलची कविता : एक विचार

एलिझाबेथ सिडल (१८२९–१८६२) या इंग्रज चित्रकर्तीच्या चरित्रातील तीन प्रसंग हटकून सांगितले जातात : मिलेच्या ‘ऑफेलिया’ या चित्रासाठी पाण्याच्या टबात पडून राहणे, अफूच्या अर्काने वयाच्या ३२ व्या वर्षी आलेला मृत्यू, आणि पती दान्ते गॅब्रिएल रोझेटी याने तिच्या शवपेटीत ठेवलेले आपल्या कवितांचे हस्तलिखित १८६९ साली थडगे उकरून परत मिळविणे. प्रसंग खरे आहेत. परंतु तिन्हींत तिचे निश्चल शरीर तेवढे दिसते, काम दिसत नाही. रस्किनने १८५५ साली वार्षिक १५० पौंड देऊ करून तिच्या चित्रांचा स्वीकार केला होता आणि १८५७ च्या लंडनमधील प्री-राफेलाइट प्रदर्शनात ती एकटीच स्त्री-चित्रकार होती, हे क्वचितच सांगितले जाते.

तिच्या कविता जेमतेम पंधरा-सोळा. हयातीत एकही छापली गेली नाही. पुढे दीर विल्यम मायकेल याने त्या प्रामुख्याने कुटुंबाच्या आठवणी व कागदपत्रे यांच्या सोबतीने प्रसिद्ध केल्या. अनेकींना शीर्षकेही त्यानेच दिली. साहजिकच त्या उपेक्षित पत्नीची गाऱ्हाणी म्हणून वाचल्या गेल्या. हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध केलेली स्वतंत्र आवृत्ती २०१८ साली निघाली.

चरित्राची ही किल्ली सर्वच कवितांना लागत नाही. ‘ट्रू लव्ह’ या कवितेत बोलणारी स्त्री अर्ल रिचर्ड नामक मृत प्रियकराच्या थडग्याशी गुडघे टेकून आहे. हा रोझेटी नव्हे. हे स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशातील कथागीतांचे जग होय. त्याच जगातून तिने ‘क्लार्क साँडर्स’ (१८५७) हे जलरंगचित्र घेतले. तेथेही मृत प्रियकर समोर येतो व नायिका गुडघ्यांवर बसलेली आहे. लेखणी आणि कुंचला एकाच साठ्यातून घेत होते. मग चित्राला परंपरा आणि कवितेला मात्र आत्मचरित्र, हा न्याय कुठला?

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मानवाकृतींची प्रमाणे चुकतात, कवितेत प्रीती आणि मृत्यू यांपलीकडे विषय फारसा नाही. परंतु टेनिसनच्या काव्यावरून काढलेले ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ (१८५३) हे रेखाचित्र पाहावे. नायिका मागाशी ताठ बसून खिडकीकडे मान वळवून पाहते आहे. आरसा तडकला आहे, माग विस्कटला आहे. तिच्या मुद्रेवर मात्र भय नाही. आणि सरदार लान्सलॉट चित्रात आहे तो आरशातील प्रतिबिंबापुरताच.